वाणात मिळालेले पॉइंट

मंचावर नाव नोंदवलं की नावापुढे लगेच ‘एक’ हा आकडा येतो. तो सगळ्यांच्याच पुढे येतो, पण मला ते माहीत नव्हतं. मला वाटलं, मी नुसती आले म्हणून कोणीतरी मला एक पॉइंट दिला. त्या दिवशी मी चार वेळा फोन उघडून पाहिलं, तो एक कमी तर झाला नाही ना म्हणून.

मंच म्हणजे इंटरनेटवरची प्रश्नोत्तरांची जागा. शिलाई मशीन, कापडाच्या कडा बांधणारं ओव्हरलॉक, काज-बटणाचं मशीन असल्या यंत्रांवर काम करणारे लोक तिथे मराठीत एकमेकांना अडचणी विचारतात. कोणी टेलर, कोणी मशीन दुरुस्त करणारे, कोणी घरी बसून ब्लाउज शिवणारी. मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात कामाला आहे. आम्ही दहा बायका आणि एक कटिंग मास्तर. माझं माहेर कोकणात, खाडीच्या काठावर. सातवीनंतरची शाळा पलीकडच्या काठाला होती, घरात आई आजारी होती आणि पाठची दोन भावंडं लहान होती. त्यामुळे शाळा सुटली ती सुटलीच. लग्न होऊन इथे आले त्याला आता आठ वर्षं होतील. नवरा टॉवेलच्या गाठी वाहणारा टेम्पो चालवतो. गावाला जायचं तर दोन गाड्या बदलाव्या लागतात आणि अख्खा दिवस जातो, म्हणून वर्षातून एकदाच जाणं होतं.

हे सगळं सांगायचं कारण, मंचावर नाव नोंदवताना ‘शिक्षण’ असा एक रकाना होता. भरला नाही तरी चालेल असं खाली बारीक लिहिलेलं होतं. मी तो रिकामा सोडला आणि पुढचे तीन-चार महिने, कोणीतरी विचारेल, कोणीतरी विचारेल, या भीतीने नुसती वाचत राहिले.

पहिला प्रश्न टाकला तो नाइलाज झाला म्हणून. शाळेच्या दप्तराच्या पट्ट्यांचं काम आलं होतं आणि माझ्या मशीनचा टाका सारखा सुटत होता. मी लिहिलं, ‘टाका सुटतो. काय करावे?’ एवढंच. जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर उत्तर आलेलं. लिहिणाऱ्याच्या नावापुढे आकडा होता नऊ हजारांच्या वर आणि फोटोच्या जागी तेलाच्या डबीचं चित्र. त्यांनी लिहिलं होतं, ‘प्रश्न अपुरा आहे. सुई किती नंबरची? धागा कोणता? कापड किती जाड? टाका एकाच जागी सुटतो की सगळीकडे?’

मी फोन डब्याच्या पिशवीत खाली, पोळीच्या फडक्याखाली ठेवून दिला.

माझ्या शेजारच्या मशीनवर अक्का बसतात. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात, पण आमच्याशी सोलापुरी मराठी. वयाने आमच्यात मोठ्या, आणि मी इथे आले तेव्हा ओव्हरलॉक त्यांनीच मला शिकवलं. त्या म्हणाल्या, “काय झालं गं? तोंड का उतरलंय?”

मी फोन काढून दाखवला. म्हटलं, “रागावलेत.”

अक्कांनी चष्मा लावून सगळं वाचलं. “कुठं रागावलेत? सुईचा नंबर विचारायलेत की. डॉक्टर नाय का विचारत, दुखतंय कुठं म्हणून? तू नुसतं दुखतंय म्हणून बसलीस.”

मग मी पट्टीचं कापड बोटांनी मोजून, सुई काढून तिच्यावरचा नंबर वाचून सगळं लिहिलं. सुई चौदा नंबरची होती. तेलाच्या डबीने लिहिलं, ‘इतक्या जाडीला अठरा लावा. सुई बसवताना तिची खाच कुठल्या बाजूला येते ते आधी बघा.’ खाच उलटी होती. माझ्याच हाताने मी ती उलटी बसवली होती. सुई बदलली आणि मशीन असं चालायला लागलं, जणू मधले दोन दिवस आलेच नव्हते.

त्या दिवशी मला जाणवलं की या जागेत कोणी माझं शिक्षण विचारलं नाही. सुईचा नंबर विचारला. मला फार मोकळं वाटलं.

पॉइंटचा हिशेब मग हळूहळू कळला. तुमचा प्रश्न कोणाला चांगला वाटला आणि त्याने वरचा बाण दाबला की तुम्हाला पाच. उत्तराला वरचा बाण मिळाला की दहा. ज्याने प्रश्न विचारला त्याने तुमच्या उत्तरापुढे हिरवी खूण केली, म्हणजे ‘याच उत्तराने माझं काम झालं’ असं सांगितलं, की पंधरा. खालचा बाण बसला की दोन जातात. या पॉइंटचं काही विकत मिळत नाही. ते वाढले की मंच तुमच्यावर थोडा थोडा विश्वास टाकतो, एवढंच. पन्नास झाले की दुसऱ्यांच्या उत्तराखाली शेरा लिहिता येतो, हजार झाले की दुसऱ्याच्या प्रश्नातली भाषा नीट करता येते. आणि नावापुढचा आकडा पाहून नवा माणूस ठरवतो, या बाईचं ऐकावं की नाही.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “मगे त्या पॉइंटांचा करतत काय?”

“काय नाय गे. नुसते असतत. लोकांका कळता, ह्या बायेक थोडा कळता म्हणून.”

आई म्हणाली, “आमका पयल्यापासून ठावक होता. त्येका फोन कित्याक होयो?”

माझं पहिलं उत्तर उन्हाळ्यातलं. मार्च संपता संपता एका बाईंनी विचारलं होतं की सुती धागा दर दोन हातांवर तुटतो, धाग्याचा ताण म्हणजे टेन्शन ढिलं केलं, सुई बदलली, तरी तुटतो, कालपर्यंत नीट होता. ते वाचून मला हसूच आलं, कारण इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात माझंही हेच झालं होतं. आमच्या गावाकडे हवेत इतकं पाणी की सुया गंजायच्या, पण धागा कधी वाळला नाही. सोलापुरात चैत्र लागला की धागा कोरडा ठणठणीत होतो. अक्कांनी तेव्हा मला दाखवलं होतं. संध्याकाळी घरी जाताना झाकणाच्या डब्यात तळाला ओलं फडकं ठेवायचं, त्यावर जाळी, जाळीवर धाग्याचे कोन म्हणजे मोठी रिळं, आणि वर झाकण. सकाळी धागा मऊ.

मी ते लिहिलं. शेवटी ‘हे मला आमच्या कारखान्यातल्या अक्कांनी शिकवलं’ असंही लिहिलं, नाहीतर चोरी केल्यासारखं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी त्या बाईंची हिरवी खूण आली आणि वरचे चार बाण. अक्कांना दाखवलं तर त्या म्हणाल्या, “माझं ओलं फडकं कुठपर्यंत गेलं बघ.” आणि पुढचा सगळा वेळ स्वतःशीच हसत ओव्हरलॉक मारत होत्या.

असं करत करत अकरा उत्तरं झाली. डिसेंबर सरता सरता माझ्या नावापुढे दोनशे चौदा होते. एकदा खालचा बाणही बसला होता, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, “दोनशे लोकांत एकाला तुझं पटलं नाही. मला घरात रोज दोघांतल्या एकीचं पटत नाही, मी जेवतो की नाही?”

मला हे खरं सांगितलं पाहिजे की ती अकरा उत्तरं मला फार प्रिय होती. सातवीनंतर मी लिहिलेलं तेवढंच. बाकी मी कुठे काही लिहिलं नव्हतं, किराण्याची यादी सोडून. त्या उत्तरांखाली कोणी कोणी ‘उपयोग झाला’ असं लिहून गेलं होतं. मी ती अधूनमधून उघडून वाचायची, दुसऱ्या कोणी लिहिली असावीत अशी.

मग संक्रांत आली.

आमच्या कारखान्यात संक्रांत ते रथसप्तमीच्या मधल्या एका दुपारी हळदी-कुंकू होतं. मालकीणबाई तिळगूळ आणतात, मशीनं एक तास बंद, मास्तर आपणहून बाहेर चहाला जातात. प्रत्येकीने प्रत्येकीला वाण द्यायचं. गाळणी, डबी, सुयांचं पाकीट, जे वापरात येईल ते. आणि मिळालेल्या वाणाच्या बदल्यात आपलंही वाण द्यायचं, नुसतं घेऊन बसायचं नाही. यंदा माझं आटोपलं, सगळ्यांना मी धागा कापायच्या छोट्या कात्र्या दिल्या, आणि पाहते तर मला कोणीच काही दिलं नाही. नऊ जणी माझ्याकडे बघून गालात हसत होत्या.

वळसंगहून रोज एसटीने येणारी एक काकू आमच्यात आहे. घरी कानडी, कामावर मराठी, आणि बोलणं सरळ कापल्यासारखं. ती म्हणाली, “फोन बघ की.”

मी फोन उघडला. दोनशे चौदाच्या जागी एक हजार दोनशे चार.

त्या नऊ जणींनी सकाळीच, कारखान्याच्या वायफायवर, मोबाइल नंबर टाकून नऊ खाती उघडली होती. मंचावर नाव नोंदवलेल्या कोणालाही वरचा बाण दाबता येतो. बाकीच्यांना कसं दाबायचं ते अक्कांनी एकेकीच्या मागे उभं राहून शिकवलं. नऊ जणी, अकरा उत्तरं. एकही सोडलं नाही.

“गाळण्या किती देणार तुला,” अक्का म्हणाल्या. “तुला जे आवडतंय तेच द्यायचं ठरलं.”

मला रडू आलं. घरापासून इतक्या लांब माझ्या आवडीचं कोणी इतकं लक्षात ठेवेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि वाण घेतलं तर परत द्यायला हवंच, म्हणून मी तिथल्या तिथे प्रत्येकीला एकेक प्रश्न टाकायला लावला. सुई का मोडते, बटण का सैल होतं, तेल किती दिवसांनी घालावं, असले. त्या नऊही प्रश्नांना मी वरचा बाण दिला. नऊ जणींच्या एकाचे सहा झाले. एकीने तर घरी जाताना दारातल्या फुलवालीलाही आपले सहा दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला मी फोन उघडला तेव्हा आकडा दिसलाच नाही. त्याच्या जागी निरोप होता. ‘एकाच जोडणीवरून अल्प वेळात नऊ नवीन खात्यांनी आपणांस मते दिली व आपण त्यांना मते दिली असे आढळले आहे. मतांची अशी देवाणघेवाण मंचाच्या नियमांविरुद्ध आहे. आपले खाते थांबवण्यात आले आहे. पाच दिवसांत खुलासा करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास खाते बंद होईल व त्यावरील लेखन काढले जाईल.’ खाली तेलाच्या डबीचं चित्र. ते व्यवस्थापकांपैकी एक होते, हे मला तेव्हा कळलं.

माझी अकरा उत्तरं जाणार होती. एवढंच डोक्यात घुमत राहिलं. आणि इतक्या लोकांसमोर लबाड म्हणून जाणार होते, हे त्याहून वाईट.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगावंच लागलं, कारण त्यांचीही खाती थांबली होती. एकदम गलका झाला.

“वाण दिलं तर ह्यांचं काय गेलं?” एक म्हणाली.

“आपण काय त्यांच्या खिशातनं दिलं?”

मास्तर दारात डबा खात होते. त्यांनी तिथूनच सल्ला दिला, “मोबाइल चोरी हुआ था बोलके लिख दे ना. झंझटच खतम.”

“नऊ जणींचे नऊ मोबाइल एकाच दिवशी चोरीला?” अक्का म्हणाल्या. “मास्तर, तुम्ही कापडच कापा.”

वळसंगची काकू एवढा वेळ ताक पीत होती. तांब्या खाली ठेवून ती म्हणाली, “खरं काय झालं तेच सांग की. आपण काय दरोडा घातला न्हाय.”

मी कटिंगच्या खाकी कागदाचा एक उरलेला तुकडा घेतला आणि त्यावर आधी पेन्सिलीने लिहिलं. ‘खुलासा’ हा शब्द मी चार वेळा खोडला, मग नमस्कार लिहून सरळ सुरुवात केली.

‘व्यवस्थापक साहेब, नमस्कार. ती नऊ खाती खोटी नाहीत. त्या नऊ बायका माझ्यासोबत कामाला आहेत आणि आत्ता माझ्याभोवती उभ्या आहेत. काल आमचं हळदी-कुंकू होतं. त्यांनी मला वाण म्हणून पॉइंट दिले. वाण परत करावं लागतं म्हणून मी त्यांना दिले. नियम आम्ही वाचले नव्हते. चूक माझी आहे, कारण त्यांना मंचाचं नाव मीच सांगितलं. वाढलेले सगळे पॉइंट काढून घ्या. आधीचेही काढा हवे तर. पण माझी उत्तरं राहू द्या. ती मी खरोखर मशीनवर करून पाहून लिहिली आहेत. माझं शिक्षण सातवीपर्यंत आहे, त्यामुळे लिहिण्यात काही चुकलं असेल तर माफ करा.’

शेवटचं वाक्य लिहायची काही गरज नव्हती, कोणी विचारलं नव्हतं. पण खरं लिहायला बसल्यावर ते आपसूकच आलं आणि मग मी ते खोडलं नाही.

उत्तर यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी एका पँटीला दोन्ही डावे पाय जोडले. नवऱ्याने धीर दिला, “काढलं तर काढलं. शिवायचं तर कोणी काढून घेत नाही.” तो आपल्या परीने बरोबर होता, पण मला ते पुरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तेलाच्या डबीचं उत्तर आलं, आणि ते मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

‘ताई, खुलासा वाचला. आमच्या घरीही वाण लुटतात, त्यामुळे प्रकार समजला. वाणाची मते दोन्ही बाजूंनी काढून टाकली आहेत. तुमचे खाते सुरू केले आहे, उत्तरे होती तशी आहेत. एक लक्षात ठेवा. इथला बाण माणसाला द्यायचा नसतो, उत्तराला द्यायचा असतो. बाण दाबणे म्हणजे “मी हे करून पाहिले आणि ते चालले” अशी साक्ष. दूर बसलेला अनोळखी माणूस त्या साक्षीवर आपले मशीन उघडतो. तुमच्या मैत्रिणींची खातीही सुरू आहेत. त्यांनी तुमचे एखादे उत्तर खरोखर वापरून पाहिले असेल तर जो अनुभव आला तो जरूर लिहावा. आणि ताई, सातवीचे म्हणाल, तर तुमची उत्तरे वाचून मला सुईचा नंबर पुन्हा विचारावा लागत नाही. इथे एवढेच लागते.’

माझ्या नावापुढे पुन्हा दोनशे चौदा आले होते. शेवटच्या ओळीला मी फोन अक्कांकडे दिला, ती त्यांनी वाचली. अक्का मग म्हणाल्या, “वाण परत घेतलेलं पहिल्यांदाच बघितलं. पण माणूस भला हाय.”

मी विचारलं, “आता खरं सांगा. माझ्या अकरामधलं कोणी काय करून बघितलंय का?”

अक्का म्हणाल्या, ओलं फडकं त्या मी यायच्या आधीपासून करतात, त्यात साक्ष काय द्यायची. दोघी म्हणाल्या की ओव्हरलॉकच्या सुरीचं उत्तर त्यांनी वापरलं आणि चाललं. वळसंगची काकू रिकामा डबा पुन्हा पुन्हा पुसत होती. ती असं करायला लागली की काहीतरी असतं.

“काकू, तुम्ही?”

“मी बघितलं की. तुझं ते स्कर्टच्या चुण्यांचं.”

“मग?”

“ते चूक हाय.”

सगळ्या एकदम तिच्याकडे वळल्या.

“मग बाण कशाला दाबलात?”

“वाण होतं ते. वाणात कुणी खोट काढतंय होय?” काकू शांतपणे म्हणाली.

ते उत्तर माझ्या अकरांमधलं मला सगळ्यात आवडणारं. एका टेलरने विचारलं होतं की गणवेशाच्या टेरीकॉटच्या स्कर्टला शिवणीवर चुण्या पडतात. मी लिहिलं होतं, वरच्या धाग्याचं टेन्शन ढिलं करा. त्याने केलं, शिवण सपाट आली, आणि तिथल्या तिथे हिरवी खूण दिली. पंधरा पॉइंट.

काकू म्हणाली, “मशीनवर असतंय तवर सपाटच असतंय. रातभर टांगून ठेव आणि सकाळी बघ. पुन्हा चुण्या. टेन्शनचं काय न्हाय त्यात. तुमी पोरी खालच्या धाग्याची बॉबिन भरताना पाय दाबून फर्रकन भरता. त्यो धागा रबरासारखा हाय. ताणून भरला की ताणलेलाच शिवला जातो, मग शिवल्यावर बसतो आकसत. बॉबिन हळू भरायची. आणि तोंडापर्यंत भरायची न्हाय.”

आम्ही आधी करून बघायचं ठरवलं. काकूने एक बॉबिन हळू भरली, मी माझ्या नेहमीच्या घाईने एक भरली. एकाच कापडाच्या दोन शिवणी मारल्या, दोन्ही संध्याकाळी खिळ्याला टांगल्या. दोन्ही सारख्याच सपाट होत्या. मनातल्या मनात मी म्हणत होते, राहू देत अशाच. माझं उत्तर, माझी खूण, सगळं जिथल्या तिथे राहील आणि कोणाला काही कळणार नाही. हे आता लिहिताना लाज वाटते, पण तसं म्हणत होते.

सकाळी माझ्या शिवणीवर मुंग्या चालत गेल्यासारख्या बारीक चुण्या पडल्या होत्या. काकूची इस्त्री केल्यासारखी सरळ.

“लिहा,” मी म्हटलं. “तुमच्या खात्यावरून.”

“मला कुठं लिहायला येतंय एवढं. तू लिही.”

“नाही. ते तुमचं आहे. बोला, फोन लिहून घेतो.”

काकूने फोन तोंडासमोर धरला आणि चुलतजावेशी भांडावं तशा आवाजात बोलली. फोनने सगळं लिहून घेतलं, अगदी मधेच तिने आमच्यातल्या एकीला “मशीन बंद कर की गं” म्हटलं तेसुद्धा. तेवढं आम्ही काढलं. बाकी तिचे शब्द तसेच ठेवले. मी माझ्या उत्तराच्या वर एक ओळ घातली, ‘हे उत्तर पुरेसं नाही. खाली वळसंगच्या काकूंनी लिहिलंय ते बघा.’

मग माझं बोट काकूच्या उत्तराच्या वरच्या बाणावर आलं आणि थांबलं. परत देवाणघेवाण म्हणाले तर? पुन्हा खातं थांबवलं तर? मी तेलाच्या डबीला निरोप पाठवला. ‘साहेब, आमच्यातल्या एका काकूंनी उत्तर लिहिलं आहे. मी त्यांना बाण देऊ शकते का?’

‘करून पाहिले का?’

‘हो. रात्रभर टांगून सकाळी बघितलं.’

‘मग मला कशाला विचारता?’

मी बाण दाबला. काकूच्या एकाचे अकरा झाले.

त्या टेलरने चार दिवस काहीच लिहिलं नाही. पाचव्या दिवशी, कामाची वेळ संपत असताना, मशीनवर आवरण घालता घालता मी फोन पाहिला. माझे एकशे नव्व्याण्णव झाले होते. क्षणभर वाटलं, पुन्हा काढून घेतले. मग कळलं. त्याने माझ्या उत्तरापुढची हिरवी खूण काढून काकूच्या उत्तरापुढे लावली होती आणि खाली दोन ओळी लिहिल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी फाटकापाशी गेलेल्या काकूला नावाने हाक मारली. आमच्याकडे मोठ्या बाईला असं कोणी हाक मारत नाही.

“काय गं, आग लागली का?” ती परत येत म्हणाली.

मी वाचून दाखवलं. ‘काकू, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बॉबिन हळू भरली. परवा शिवलेले स्कर्ट आज सकाळीही सरळ आहेत. सहा महिने हा त्रास होता.’

“हा कोण?”

“माहीत नाही. तिकडचा कोणी टेलर असेल.”

“वळखीचा न्हाय?”

“नाही.”

“मग त्याला आता मी काय द्यायचं?”

“काही नाही द्यायचं काकू. ते तसंच असतं.”

काकूने डब्याची पिशवी मशीनवर ठेवली आणि स्टूल ओढून बसली. “परत वाच,” ती म्हणाली. मी परत वाचलं. मग तिने फोन स्वतःच्या हातात घेतला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत, ‘सहा महिने’ला जरा जास्त थांबत, स्वतः वाचून काढलं. बाहेर तिची एसटी आली, हॉर्न वाजवून गेली. आम्हा दोघींनाही ऐकू आली. ती उठली नाही.